बोटांत बसलेली अक्षरं

“आज मंगळवार नाही,” असं ह्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली.

मी गॅसपाशी उभी होते. चहा एकच कप ओतला होता आणि तो ह्यांच्यापुढे ठेवला होता.

“नाही. शुक्रवार आहे,” मी म्हटलं.

आठवड्यातल्या प्रत्येक वारी मी एकेक रस सोडते. रविवारी मीठ, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, असं चालतं. लग्न होऊन जयसिंगपुरात आले तेव्हा सासूबाईंचं बघून हा नेम घेतला. मंगळवारी माझा चहा नसतो हे ह्यांना तोंडपाठ, आणि इतर दिवशी मला चहाशिवाय चालत नाही हेही.

ह्यांनी बाहीनं पाटी पुसली. “मग कप एकच का?”

“सोडलाय.”

“किती दिवस?”

“बघू.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून बाहेरच्या खोलीत बघितलं. तिथं टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर मी जुनी चादर घातली होती. आठवडा झाला होता चादर घालून.

व्रत काही मागण्यासाठी धरू नये, हे बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, प्रवचनात मी कितीदा ऐकलंय. पण त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

हे पूर्वी साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. साहेब बोलायचे आणि साहेबांचं वाक्य संपायच्या आत ह्यांच्या मशीनवर ते उमटलेलं असायचं. आणि गळा असा, की बस्तीत पूजेला उभे राहिले तर मागच्या बायकांची कुजबूज आपोआप थांबायची. मग त्या गळ्यातच गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन होतं. गाठ तेवढी काढायची, आवाज थोडा बसेल, असं आधी ठरलेलं. मध्येच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “आत पसरलंय. स्वरयंत्र काढावं लागेल. आत्ता सांगा.” माझ्या हातात जपाची माळ होती. तोंड उघडेना. शेजारी ह्यांचे धाकटे भाऊ धनपाल होते. ते म्हणाले, “काढा. माणूस वाचवा.”

शुद्धीवर आल्यावर ह्यांना पाटी दिली. पहिलं वाक्य लिहिलं ते, “कोणी सांगितलं?”

“मी, आण्णा,” भाऊजी म्हणाले.

ह्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर भाऊजींना उद्देशून एक अक्षर लिहिलं नाही. भाऊजी सांगलीहून येत, खुर्चीत बसत, माझ्याशी चार शब्द बोलत आणि जात. पुढं पुढं येईनासे झाले.

घरी आल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर हाताशी धरला. त्यात मराठी टायपिंग होतं, जुन्या टाइपरायटरवर जिथं अक्षर असायचं तिथंच इथंही. हाताचं अक्षर ह्यांचं आधीपासून कोंबडीच्या पायासारखं. पण टाइप करायला बसले की बोलत असल्यासारखं भरभर. मग आमचं ठरूनच गेलं, हुकूम पाटीवर आणि गप्पा कॉम्प्युटरवर. मी भाजी निवडत समोर बसायची आणि पडद्यावर मोठी मोठी अक्षरं उमटायची. “आमटीत मीठ नाही. रविवार तुझा आहे, माझा नाही.” “शेजारच्या बापूनं नवीन शर्ट घातलाय, सोयरीक आली वाटतं. बघून ये.” घरात आवाज नव्हता असं मला त्या काळात कधी वाटलंच नाही.

तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. सकाळी चालू करून मी सामायिकाला, दोन घटकांच्या ध्यानाला, बसायची, माझं सामायिक संपायचं तरी हे तसेच हात मांडीवर ठेवून बसलेले. मग एक दिवस तो उघडेचना. बाजारातल्या दुकानदारानं येऊन बघितलं. “काकू, ह्यात आता जीव नाही. नवा घ्या. पण काकांचं हे जुनं टायपिंग नव्यावर चालायचं नाही. नवीन पद्धत शिकायला लागेल.”

तो गेल्यावर ह्यांनी पाटीवर लिहिलं, “बोलायला दोनदा शिकलो. तिसऱ्यांदा नाही.”

मी त्याच वेळी म्हटलं, “भाऊजींना विचारू का? कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवतात.” ह्यांनी पाटी कॉटवर अशी आपटली की तिचा कोपरा उडाला. त्यानंतर पाटीवर चहा, औषध आणि नको, एवढंच यायला लागलं. त्यातही नको जास्त. पेपर वाचेनात. संध्याकाळी दारात बसेनात. एकदा मी मुद्दाम आमटी अळणी केली, वार रविवार नसताना. ह्यांनी मुकाट जेवून घेतली. तेव्हा मात्र मी घाबरले, आणि दुसऱ्या दिवसापासून चहा सोडला.

तर त्या शुक्रवारी हे बराच वेळ त्या चादरीकडे बघत बसले. चहा गार झाला. मग लिहिलं, “तुझं व्रत म्हणजे माझ्यावर मोर्चा आहे.”

“मी कुठं काय बोलले?”

“तेच.” पुसलं. आणि खाली, बारीक अक्षरात, “बोलव त्याला.”

*

मी फोन केला. “भाऊजी, कॉम्प्युटर बंद पडलाय.”

“तुम्ही मला फोन केलाय हे आण्णांना माहीत आहे?”

“त्यांनीच सांगितलंय.”

“उद्या येतो, वहिनी,” एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आले. दारातच हेल्मेट हातात घेऊन उभे. मी “या की आत” म्हटल्यावर चपला काढल्या. हे कॉटवर पेपर उघडून बसले होते. पेपर इतका वर धरलेला की फक्त बोटं दिसत होती.

भाऊजींनी चादर काढली, मशीन उघडलं, फुंकून धूळ काढली, परत लावलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “वहिनी, मशीन मेलेलं नाही. ओझं झालंय त्याच्यावर. आतली सिस्टीम जड झाली. आपण ह्याच्यावर लिनक्स बसवू.”

“ते काय असतं?”

“ही पण सिस्टीमच. हलकी असते, जुन्या मशीनला झेपते. एकट्या कुणाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं मिळून करतात आणि सगळ्यांना देतात.”

“दानच म्हणा की.”

“तसंच म्हणा. पण आधी एक करायचं. ह्यात जे हरवलं तर रडू येईल ते सगळं बाजूला काढून ठेवायचं. नवीन माणूस तिथंच चुकतो. उत्साहात बसवायला घेतो आणि जुनं सगळं पुसून बसतो. त्यांना विचारा, काय काय जपायचं आहे?”

मी कॉटकडे वळले. “अहो, ते विचारतायत—”

पेपराच्या मागून पाटी बाहेर आली. “बहिरा नाही मी.” पाटी माझ्याकडं होती. खाली लिहिलं होतं, “सगळं.”

भाऊजींनी सगळं काढून घेतलं. मग खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. “आज काही बसवत नाही, वहिनी. ह्याच्यावरूनच लिनक्स चालवून दाखवतो. दोन दिवस वापरून बघायचं. पटलं तर बसवू, नाही पटलं तर हा काढून घेतला की झालं.”

पाटी वर आली. “लग्नाआधी नांदून बघायचं. आमच्यात चालत नाही.”

भाऊजींनी तिरक्या नजरेनं वाचलं. हसू आलं ते त्यांनी खोकून गिळलं.

माझं दूध उतू जायच्या आत पडदा उजळला. पेपर हळूहळू खाली आला. हे उठले, अंगावरची शाल सावरत टेबलाशी आले. भाऊजी चटकन खुर्चीतून उठून बाजूला झाले. हे बसले, मराठी लावून घेतलं, दोन्ही हात ठेवले आणि नेहमीच्या झपाट्यानं एक ओळ टाइप केली.

पडद्यावर भलतंच उमटलं. क च्या जागी दुसरं, मात्रा एकीकडं, काना दुसरीकडं. कुणाचं नाव नाही, गाव नाही, अर्थ नाही. ह्यांनी पुसून पुन्हा टाइप केलं, हळू. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा केलं नाही. उठले, कॉटवर गेले आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

दवाखान्यातली ती पाठ मला आठवली. भाऊजींनाही आठवली असणार. ते माउस धरून बराच वेळ पडद्यावर वरखाली काहीतरी बघत राहिले. मग पडद्यावरची ती खिडकी बंद केली, खुर्ची माझ्याकडं वळवली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, “वहिनी, ह्याच्यातली अक्षरं सरकारी पद्धतीनं बसवलेली आहेत. आण्णांचा हात टाइपरायटरचा. त्यांच्यासाठी वेगळा कळफलक तयार करावा लागेल. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते त्यांनी सांगायचं.”

भिंतीकडं तोंड ठेवूनच ह्यांनी पाटी ओढली, लिहिलं आणि खांद्यावरून मागं धरली. “मला माहीत नाही. बोटांना माहीत आहे.”

“मग बोटांनाच विचारू,” भाऊजी म्हणाले. “मी शब्द सांगतो, त्यांनी टाइप करायचा. कुठलं बटण दाबलं ते मी बघतो आणि अक्षर तिथं नेऊन बसवतो. रोज थोडं थोडं. वहिनी, नवीन माणसानं एका दिवसात सगळं बदलायला जाऊ नये. घाई केली की माणूस वैतागतो आणि परत जुन्याकडं जातो.”

“रोज येणं जमेल तुम्हाला? सांगलीहून?”

“जमवतो की.”

मी म्हटलं, “दिवस मावळायच्या आत जेवून जावा.” ते म्हणाले, घरी वाट बघत असतील. आणि गेले.

*

दुसऱ्या दिवशी हे टेबलाशी आधीच जाऊन बसले होते. मी विचारलं तर पाटीवर, “खुर्ची माझी आहे.”

भाऊजी आले, स्टूल घेऊन शेजारी बसले. दोघांच्या मध्ये मला उभं केलं.

“वहिनी, सांगा त्यांना. करवत.”

“करवत,” मी म्हटलं.

टक टक टक टक.

“गवत.”

“गवत.”

असं चाललं. ह्यांचे कान शाबूत, भाऊजींचा आवाज खणखणीत, आणि मध्ये मी पोपटासारखी. तेवढ्यात आतून जळका वास आला. “भाऊजी, माझी आमटी लागतीय. तुम्हीच सांगा की आता,” असं म्हणून मी धावले.

आत जाऊन पातेलं उतरवलं आणि तशीच कान देऊन उभी राहिले. मोरीत नळ ठिबकत होता तेवढाच. मग भाऊजींनी घसा साफ केला.

“फणस,” ते म्हणाले.

टक. टक. टक.

एवढ्या काळानंतर त्या दोघांमध्ये पहिला शब्द झाला तो हा. मी तिथंच ओट्याला टेकून णमोकार मंत्र म्हटला.

त्या दिवसापासून मी मध्ये पडले नाही. स्वयंपाकघरातून ऐकत राहायची. शब्द हळूहळू बदलायला लागले. आधी पुस्तकातले होते, मग गावं आली. नांदणी, शिरढोण, अब्दुललाट, कुरुंदवाड. मग लहानपणची माणसं. “झिपऱ्या,” असं एकदा भाऊजी म्हणाले आणि टाइप न होता खुर्ची नुसती हलली. मी डोकावून बघितलं. हे हसत होते. आवाज नसला की हसताना ह्यांचे खांदे तेवढे हलायचे. झिपऱ्या कोण ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही.

त्याच दिवशी पाटी भाऊजींच्या बाजूला वळलेली मी पहिल्यांदा बघितली. “स्पीड वाढव. कारखान्याचे साहेब तुझ्यापेक्षा भरभर सांगायचे.”

“साहेबांना पगार होता, आण्णा. मी फुकट आलोय.”

“मग आमटी खा.” आणि पाटी माझ्याकडं वळली. “ताटं तीन.”

जेवताना, काम करताना भाऊजी लिनक्सचं काही ना काही सांगत. सांगत ह्यांना, पण माझ्याही कानावर पडायचं, आणि ते माझ्या उपयोगाला आलं ते पुढं. ते म्हणायचे, जुन्या वस्तूचं नाव शोधत बसू नका, काम काय करायचं ते बघा. पत्र लिहायचं असेल तर पत्र लिहायचं साधन ह्यात आहे, त्याचं नाव वेगळं असेल. एक काळी खिडकी असते, त्यात हुकूम टाइप करायचे असतात. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेला हुकूम न समजता त्यात चिकटवू नका. नवीन काही बसवायचं झालं की पासवर्ड मागतं.

ह्यावर पाटी आली. “घर माझं आणि मलाच विचारतंय तू कोण?”

“चोरालाही विचारतंय की, आण्णा. तुम्ही नाव सांगून आत जाता, तो जात नाही.”

“आणि अडलो तर?”

“विचारायचं. वापरणारी माणसं एकमेकांना सांगतात, त्यांच्या सभा असतात इंटरनेटवर. काय केलं, पडद्यावर काय आलं, ते नीट लिहून विचारायचं. नुसतं चालत नाही म्हटलं तर कुणाला काही कळत नाही.”

हे वाक्य झालं आणि ह्यांनी पाटी खाली ठेवली. भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. मी कोशिंबीर वाढली.

पेनड्राइव्हवरून काढून लिनक्स मशीनमध्ये कायमचं बसवलं तो दिवस मला आठवतो, कारण ह्यांनी माझ्याकडून पंचांग मागवून घेतलं होतं. मुहूर्त बघायला नव्हे. वार बघायला. “शनिवार आहे. आज हिचं तेल बंद. भजी मिळणार नाहीत. उद्या बसवू,” असं लिहून दाखवलं. भाऊजी म्हणाले, “भजी आम्हाला करून देतील की वहिनी.” मी म्हटलं, “देते की. तेल मी सोडलंय, कढईनं नाही.” भजी केली, आणि दोघांनी भजी खात खात मशीन पुसून नवं केलं.

पण चहा माझा अजून बंदच होता. दोघं एका टेबलाशी बसत होते, हसत होते, तरी मी घेतला नाही. कारण शब्द होत होते, बोलणं होत नव्हतं. मिरजेच्या त्या दिवसाला दोघंही वळसा घालून जात होते, अंगणातल्या खड्ड्याला घालावा तसा. हे मला ओट्यापाशी उभं राहून कळत होतं.

शेवटच्या दिवशी भाऊजी म्हणाले, “आण्णा, अक्षरं सगळी जागेवर आली. आता वाक्यं घेऊ. मी सांगेन ते जसंच्या तसं.”

“मला शिकवतोस? टायपिस्ट मजकूर बदलत नसतो.”

“मग घ्या. कारखान्याचा भोंगा वाजला.”

खटाखट ओळ उमटली. मी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिले होते, मला पडदा दिसत होता. एकूण एक अक्षर बरोबर.

“बैलगाड्यांची रांग लागली.”

उमटलं.

“मिरजेच्या दवाखान्यात बाहेर एकच बाक होता.”

ह्यांची बोटं क्षणभर थबकली. मग उमटलं.

“डॉक्टर बाहेर आले.”

उमटलं.

भाऊजी पडद्याकडं बघत नव्हते. स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होते. “मला वाटलं, आवाज नसला तरी चालेल, आण्णा पाहिजे.”

ह्यांनी ते टाइप केलं. एकेक अक्षर, नवशिक्यासारखं.

“मी फार घाबरलो होतो.”

तेही केलं. पूर्णविराम दिला. मग हात मांडीवर घेतले.

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. तेवढ्यात बटणं पुन्हा वाजली, कुणी काही न सांगता. मी पडद्याकडं बघितलं. भाऊजींच्या वाक्याच्या खाली एकच शब्द होता.

“मीही.”

भाऊजींनी चष्मा काढला. ह्यांनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि उजव्या हातानं टाइप करत राहिले. “आता उठ. तुझ्या वहिनीला चहा करून दे. दिवस मावळायला वेळ आहे अजून. तिचा मोर्चा उठव.”

भाऊजींनी चहा केला. साखर इतकी घातली होती की चमचा उभा राहावा. मी सगळा प्याले.

*

त्यानंतर हे पुष्कळ वर्षं बोलले. त्याच मशीनवर, त्याच लिनक्सवर. भाऊजी रविवारी येत, दोघं शेजारी बसत, एकाचा तोंडानं आणि एकाचा बोटांनी वाद चालायचा. जाण्याच्या आदल्या दिवशीही ह्यांनी भाऊजींच्या नव्या गाडीच्या रंगाला नावं ठेवली होती. हे गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

मशीन मी वापरते. बस्तीतल्या बायकांना कुणाकडून तरी कळलं, आता कुणाचा जुना कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात. मी जाते, पेनड्राइव्ह घेऊन. आधी जपायचं ते बाजूला काढा म्हणते. नांदून बघा म्हणते. त्या हसतात, कुणाचं वाक्य आहे ते त्यांना माहीत नाही.

मागच्या महिन्यात पद्मजा कोगनोळेकडं गेले होते. ती तहसील कचेरीत टायपिस्ट होती, नुकतीच निवृत्त झाली. लिनक्स बसवून झालं. तिनं टाइप करून बघितलं आणि तिचंही तसंच झालं. भलतीच अक्षरं.

“अक्का, माझा हात टाइपरायटरचा ओ.”

“होय की. त्याला कळफलक वेगळा तयार करावा लागतो,” मी म्हटलं. “वेळ लागतो. आठवडाभर तरी बसावं लागेल. मी भाऊजींना विचारते.”

पद्मजा तोवर माउस खालीवर फिरवत होती. “अक्का, हे काय आहे? मराठी, आणि पुढं टाइपरायटर लिहिलंय.” तिनं त्यावर बोट टेकवलं, दोनदा दाबलं, आणि हात ठेवून स्वतःचं नाव टाइप केलं. अख्खं नाव, नवऱ्याच्या नावासकट, जिथल्या तिथं उमटलं.

“झालं की!” ती म्हणाली.

मी तिच्या परसात जाऊन भाऊजींना फोन लावला.

“भाऊजी, तो टाइपरायटरचा कळफलक. तो आतमध्ये तयारच असतो?”

“असतो,” ते म्हणाले.

“तेव्हाही होता?”

“होता, वहिनी. पहिल्याच दिवशी सापडला होता मला. लावला असता तर आण्णांचं काम तिथंच झालं असतं, आणि मला परत यायला कारण उरलं नसतं. मला काय करावं सुचेना. म्हणून म्हटलं, तयार करावा लागेल.”

“म्हणजे ह्यांना फसवलंत?”

“फसवायला गेलो,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, हसल्यासारखा आणि त्याच्या उलटही. “दुसऱ्या दिवशी तुमची आमटी लागली होती बघा. त्यानंतर मी हात धुवायला मोरीत गेलो. तेवढ्यात आण्णांनी मशीनवर तो कळफलक शोधून लावला होता. मी परत आलो तर पडद्यावर चांगली स्वच्छ ओळ. अजून पाठ आहे मला.”

“काय होतं?”

“‘हे आधीपासून आहे. मला सापडलं. तुझ्या वहिनीला सांगू नकोस, तिला खोटं बोलता येत नाही.’ आण्णांनी माझ्याकडं बघितलं, ती ओळ पुसली, कळफलक काढून पहिल्यासारखा केला. आणि पाटीवर लिहिलं, ‘अजून ट ठ ड ढ राहिलेत. उद्या ये.’”